आजच्यापुरती भाकर

हरभरा निघाला, हळद शिजायला लागली, की आमच्याकडे लग्नाच्या मांडवांबरोबर आणखी एक मांडव दिसायला लागतो. चंगाई सभेचा. तालुक्याच्या गावी मैदान घेतलेलं असतं. दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीचे स्पीकर, फ्लेक्सवर कोट घातलेला पाहुणा वक्ता, त्याच्या पायाशी फेकून दिलेल्या कुबड्यांचं चित्र. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावांतून माणसं टेम्पोने निघतात. गुडघे गेलेली म्हातारी, फिट येणारं पोरगं, दारू न सुटणारा नवरा आणि त्याला ओढत आणणारी बायको.

मी या सभांना गेलेलो आहे. गाणी चांगली असतात. बाया मनापासून रडतात, आणि जिला घरात रडायला कोपरा नाही तिला हजार माणसांत रडायला जागा मिळते, याची टिंगल मी करणार नाही. माझं भांडण एका वाक्याशी आहे. प्रार्थना होते, डोक्यावर हात ठेवले जातात, दोन-चार जण उठून साक्ष देतात. ज्याचा गुडघा तसाच राहिला त्याला परतीच्या टेम्पोत चढण्याआधी सांगितलं जातं, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’

म्हणजे दुखणंही त्याचं आणि दोषही त्याचाच. डॉक्टर निदान निसटल्यावर निदान गप्प तरी बसतो.

या वाक्यात विश्वास म्हणजे टाकीतलं पाणी असतं. पातळी अमुक खुणेपर्यंत गेली की नळ सुरू. मग पातळी वाढवायची कशी? आणखी एक सभा, आणखी एक उपास, आणखी एक पाकीट. ख्रिस्ती माणसाचा विश्वास वाढायला हवा, हे मलाही मान्य आहे. तो कुठे वाढतो आणि कशाने वाढतो, याबद्दल मात्र आमचे मांडववाले उपदेशक दिशाभूल करतात असं माझं म्हणणं आहे. तो मांडवात वाढत नाही. तो चुलीपाशी, बांधावर, उधारीच्या वहीत, दवाखान्याच्या बाकड्यावर वाढतो, आणि तिथे त्याच्याकडे बघायला कुणी कॅमेरा घेऊन येत नाही.

शिष्यांनीही येशूकडे हेच मागितलं होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात ते त्याला म्हणतात की आमचा विश्वास वाढव. तो मोहरीच्या दाण्याचा दाखला देतो. तेवढा विश्वास असला तरी तुतीचं झाड उपटून समुद्रात जाईल. आमचे वक्ते इथे पुस्तक मिटतात आणि हालेलूया म्हणतात. पण येशूचं बोलणं तिथे संपलेलं नाही. लगेच पुढे तो एका गड्याबद्दल बोलतो. दिवसभर नांगर धरून, गुरं राखून हा गडी घरी येतो, आणि आल्यावर त्याला ताटावर बसायला कुणी सांगत नाही. आधी मालकाचं जेवण रांधायचं असतं. सालगड्याच्या बाजूने वाचली तर ही गोष्ट कडू लागते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, आणि तो कडवटपणा मी साखर घालून गिळणारही नाही. पण प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून बघा. विश्वास वाढवून दे, ही मागणी. उत्तरात मिळालं काय? एक बारीक दाणा, आणि रानातून आल्यावरचं संध्याकाळचं काम. आकाराची चौकशी करणाऱ्यांना त्याने रोजच्या कामाकडे वळवलं.

आपल्या भाषेनेही हे आधीच ओळखलेलं आहे. मराठी ख्रिस्ती बोलीत ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द चालतो. विश्वास ठेवणारा तो ‘विश्वासी’. हा देवघरातला शब्द नाही, बाजारातला आहे. दुकानदार विश्वासावर किराणा देतो. शेजारणीवर विश्वास टाकून बाई लेकरू तिच्या ओसरीवर सोडते आणि खुरपायला जाते. सावडीला आज चार माणसं माझ्या रानात येतात आणि परवा मी त्यांच्या रानात जातो. त्याचा कागद कुणी करत नाही. श्रद्धा एकट्याने ठेवता येते, समोरच्याला पत्ताही नसला तरी चालतं. विश्वासाला समोर कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी फसवू शकतं. म्हणून मराठीत विश्वासघात आहे, श्रद्धाघात नाही.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये जो शब्द आहे, ‘पिस्टिस’, त्यात विश्वास ठेवणं आणि विश्वासाला जागणं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिब्रूतला ‘एमुना’ तर आणखी जमिनीवरचा आहे. निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेकाशी लढाई चाललेली असते. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, हात खाली आले की पीछेहाट. म्हातारा दमतो. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात, एक इकडून आणि एक तिकडून हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहतात. स्थिर राहतात. ज्या शब्दाचं भाषांतर आपण पुढे ‘विश्वास’ असं करतो, तो इथे दमलेल्या माणसाच्या हातांबद्दल वापरलेला आहे, आणि ते हात त्याने एकट्याने वर ठेवलेले नव्हते. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं मोशेला कुणी म्हणालं नाही. दगड आणून दिला.

आता पाकिटाबद्दल. या सभांत ‘बी पेरा’ असं सांगतात. देवाच्या कामात पैसा टाका, तो शंभरपट होऊन परत येईल. वाटतं की शेतकऱ्याला कळावं म्हणून कुणा गावच्या पाळकाने ही भाषा काढली असेल. तसं नाही. विश्वासाच्या बियाण्याची ही शिकवण ओरल रॉबर्ट्स या अमेरिकी टीव्ही-उपदेशकाने लोकप्रिय केली. त्याच्या नावाचं विद्यापीठ ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात आहे, आणि या विषयावरचं त्याचं पुस्तक १९७० सालचं. म्हणजे ज्यांच्या दहा पिढ्या पेरणीत गेल्या त्यांना बी म्हणजे काय हे टल्साहून शिकायचं. बियाण्याबद्दल आमच्या लोकांना काय माहीत आहे ते सांगतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी रानांत सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून उगवलं नाही’ असं कोर्टात कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. पिशवीतल्या बियाण्याचा पंचनामा होतो. पाकिटातल्या बियाण्याचा कोण करणार?

पाकीट मागताना हमखास सारफथच्या विधवेची गोष्ट येते. पहिल्या राजांच्या पुस्तकातली. दुष्काळ पडलेला, बाई दोन काटक्या वेचते आहे, घरात मूठभर पीठ आणि तळाशी थोडं तेल. एवढं रांधायचं, लेकरासोबत खायचं आणि मरायचं, असा तिचा हिशेब. एलिया संदेष्टा तिला म्हणतो, आधी मला एक लहान भाकर कर. ती करते, आणि दुष्काळ संपेपर्यंत तिच्या घरातलं पीठ-तेल सरत नाही. बघा, म्हणतात आमचे वक्ते, आधी देवाच्या माणसाला दिलं!

ही गोष्ट आमच्याच गोष्टींपैकी वाटावी इतकी जवळची आहे, म्हणून तिच्याशी झालेली लबाडी जास्त टोचते. तो देवाचा माणूस कोण होता ते बघा. राजाच्या भीतीने परागंदा झालेला, ओढ्याकाठी कावळ्यांनी आणलेल्या तुकड्यांवर जगलेला, आणि ओढा आटल्यावर परमुलखात एका गरीब बाईच्या दारात तहानलेला उभा असलेला. त्याच्याकडे जनरेटर नव्हता आणि मंचावर क्यूआर कोडही नव्हता. तो तिच्याइतकाच भुकेला होता. दुसरं असं की तिला मिळालं काय? कणगी भरली नाही. रोज सकाळी मडक्यात आजच्यापुरतं पीठ निघालं, एवढंच. रानातल्या मान्न्यासारखं. तेही त्या दिवसापुरतंच गोळा करायचं असे, आणि शब्बाथाची आदली संध्याकाळ सोडली तर उद्यासाठी लपवून ठेवलेल्यात किडे पडत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आजच्याच भाकरीची मागणी आहे. वर्षाच्या बेगमीचा तिथे उल्लेख नाही. आणि तिसरी गोष्ट मंचावरून कधीच सांगितली जात नाही. इतके दिवस रोज पीठ निघत असूनही पुढे मुलगा आजारी पडून गेला तेव्हा ती बाई संदेष्ट्यावर उसळली, माझं पाप उकरून काढायला आलास का असं त्याला तोंडावर विचारलं. तो तिला म्हणाला नाही की तुझा विश्वास कमी पडला. त्याने मूल तिच्या कुशीतून उचललं आणि स्वतः देवाशी भांडायला माडीवर गेला.

मराठीत विश्वास कसा वाढतो याचं सगळ्यात खरं वर्णन माझ्या मते एका बाईने लिहिलेलं आहे, आणि ती मांडवातली वक्ती नव्हती. लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. शाळेत आपल्याला त्यातले विनोदी उतारे नेमतात आणि पुस्तक विनोदी म्हणून मिटलं जातं. ते विश्वासाच्या वाढीचं पुस्तक म्हणून वाचावं असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात कुठे होते? सोवळ्यात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने इतकं पछाडलेलं होतं की बाजारातून आलेला जिन्नसही धुवून घेतल्याशिवाय त्यांना चालत नसे. त्या धाकात पोर वाढली. ज्याला आपण कर्मठपणा म्हणतो तो नीट पाहिला तर अविश्वासच असतो. वाण्यावर अविश्वास, हमालावर अविश्वास, ज्याचा ज्याचा हात लागला त्या प्रत्येकावर अविश्वास. पुढे नवरा, नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि संसार मोडतो. लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षं नातेवाइकांच्या आधाराने काढतात. मग नवऱ्याकडे परत येतात, पण सोवळं सोबत घेऊनच. पाणी वेगळं, चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती आणि बायको त्याच्या हातचं पाणी न पिणारी, असा तो संसार.

मग एक दिवस त्या स्वतःशी विचार करत बसतात. ही जात देवाने केली का? देवाने केली असती तर माणसामाणसांत वेगळी खूण नसती का? मनाशी उत्तर ठरतं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं असं त्या ठरवतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पुस्तक वाचून माझ्या लक्षात बाप्तिस्म्याचा दिवस राहिलेला नाही, पाणी राहिलं आहे. कारण खरी उडी तिथे होती. ज्या हाताला आयुष्यभर भ्यायला शिकवलं, त्या हातातून तांब्या घेणं. त्यात आकाशवाणी नाही, साक्ष देण्याजोगंही फार नाही. पाणी प्यायलं, काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायलं. पुढे याच बाईने अनाथ पोरं घरात वाढवली, हातात पैसा टिकू न देणाऱ्या नवऱ्याचा संसार ओढला, आणि त्याच्या माघारी त्याने सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहून पुरं केलं. त्या तांब्याशिवाय यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

आता हाच तांब्या आमच्या आजच्या मंडळ्यांपुढे ठेवतो, कारण भांडण इथे आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांपैकी कितीतरी जणांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतून आले. जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं, तिथेही मुख्यतः हीच माणसं आली, विहिरी आणि शेतं घेऊन उभी राहिली. एका ब्राह्मण पाळकाने मांगांच्या शेजारी घर बांधावं, हे त्या काळात कुठल्याही चंगाईपेक्षा कमी नव्हतं. आणि आज? लग्नाची बोलणी निघाली की आमच्यात हळू आवाजात विचारलं जातं, ‘मूळचे कोण?’ सभेत देवावर विश्वास ठेवून कुबड्या फेकायला निघालेला माणूस सोयरीक जोडताना समोरच्या भावावर एवढासाही विश्वास टाकायला तयार नसतो. याला कमी पडलेला विश्वास म्हणा की! पण मंचावरून हे कुणी म्हणत नाही, कारण त्याने पाकिटं कमी होतील.

पंडिता रमाबाईंचं नावही या वक्त्यांच्या तोंडी असतं. केडगावला त्यांनी नुसत्या प्रार्थनेवर शेकडो बायका पोसल्या, असं सांगतात. त्यांचा भरवसा देवावर होता यात शंका नाही. पण केडगावात भरवशाला हातपाय होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने रस्त्यावर आलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. मग विहिरी खणल्या. शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना. ज्यांना जगाने ओवाळून टाकलं त्या बायका ही कामं शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. ते काम संपवून त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, आणि ते केडगावच्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापलं. टाकून दिलेल्या पोरीच्या हातात खिळे देऊन पवित्र शास्त्राचं पान जुळवायला सांगणं, हा देवावरचा विश्वास की त्या पोरीवरचा? मला यातला फरक सांगता येत नाही. रमाबाईंनाही सांगता आला नसता, असा माझा अंदाज.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी मांडववाल्यांनाही गैरसोयीची आहे आणि त्यांच्या विरोधकांनाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो आठेक वर्षांनी सापडला. मधली वर्षं काय चाललं होतं? मुंबईत १८८९ साली शारदा सदन उघडलं होतं, विधवा मुलींना शिकवणं चालू होतं, दोन्हीकडच्या शिव्या खाणं चालू होतं. तारीख लागल्यानंतरची ही वर्षं.

तारखेचं वेड सध्या दोन टोकांना सारखंच आहे. इकडे सभेत किती हात वर झाले ते मोजून अहवाल पाठवायचा. तिकडे सरकारला धर्मांतर म्हणजे एका दिवशी घडणारी, आधी अर्ज करून नोंदवायची घटना वाटते. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला कळवायचं आहे. महाराष्ट्रातही २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याच्या विचारासाठी समिती नेमली गेली. आमिष, फसवणूक, जबरदस्ती कुणी करत असेल तर त्याला पकडा. मांडवातल्या काही मंडळींची चौकशी झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण लक्ष्मीबाईंनी कुठल्या साठ दिवसांची नोटीस द्यायची होती? पहिला तांब्या घेण्याआधीची की दुसरा?

दुसरीकडे, हाच कागद गरिबाच्या गळ्याशी येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या आणि नियमित चर्चला जाणाऱ्या बाईला अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र नाकारलं. त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं जगणारी माणसं आहेत. त्यांना ढोंगी म्हणणारे पाळक मी ऐकले आहेत. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती जाणार नाही त्याने हे म्हणावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मांगवाड्यात धर्म बदलला म्हणून पाण्याच्या टाकीवरची वागणूक बदलत नाही. कागद तेवढा बदलतो.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मला सांगतील, लहानसहान विश्वासाची थोरवी पोट भरलेल्याने सांगावी. ज्याच्या डोक्यावर सावकार आहे, ज्याच्या बायकोच्या ऑपरेशनला पैसे नाहीत, त्याला चमत्कारच हवा असतो. शेजारणीच्या ओसरीवर लेकरू सोडण्याच्या गोष्टी त्याने काय करायच्या?

बरोबर आहे. म्हणून टेम्पोत बसणाऱ्या माणसाला मी एक शब्दही बोललेलो नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात रांग, खासगीत बिल, आणि मैदानात फुकट प्रार्थना, यातून तो मैदान निवडतो यात त्याची चूक काय? पण चमत्काराच्या नावाने त्याला जे मिळतं ते बघा. मिळते ती एक रात्र, आणि सकाळी आपल्याच विश्वासाबद्दलची शंका. वाशिम इथून फार लांब नाही. तिथे नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल गेल्या शतकापासून उभं आहे. ज्या मिशनच्या लोकांनी ते बांधलं त्यांचाही प्रार्थनेवर विश्वास होताच. तरी त्यांनी खाटा टाकल्या, नर्सा शिकवल्या. अनोळखी नर्सपुढे बाही वर करून हात धरणं हाही विश्वासच आहे, आणि रात्रपाळीला तो हात नीट धरणं हाही.

छोट्या विश्वासाच्या गोष्टी सांगून लोकांना गप्प बसवाल, अशीही शंका काही जण काढतील. रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची कशी हेळसांड होते ते वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं, आणि त्याची दखल मुंबईच्या गव्हर्नरापर्यंत घ्यावी लागली. राज्य ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती, तरी. आपल्या पोरींवर टाकलेल्या विश्वासाला जागायचं तर साहेबाची नाराजी पत्करावी लागते, हे त्यांना कळत होतं.

ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांनाही जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या माणसाला हे शोभणारंच होतं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. आमच्या पाळकांना टिळकांची भजनं पाठ आहेत. दरबाराचा विषय काढला की ते घड्याळाकडे बघतात. नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे, पण तिकडे जाऊन चार भजनं ऐकावीत असं किती पाळकांना वाटतं, हेही एकदा मोजायला हरकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मांडव पडेल तेव्हा माझ्या मागण्या फार नाहीत. गेल्या वर्षी जमलेल्या पाकिटांचा हिशेब फ्लेक्सवर लावा, कुबड्यांच्या चित्राच्या जागी. मंचाशेजारी एक टेबल टाका, तिथे शासकीय आरोग्य योजनेचा अर्ज भरून देणारी दोन शिकलेली पोरं बसवा. सभा संपल्यावर जेवण करा, आणि ते कुणी रांधलं ते माइकवरून नावानिशी सांगा. बरा न झालेला जो माणूस टेम्पोकडे चाललेला असेल त्याला काही म्हणू नका. गाव विचारून घ्या आणि आठ दिवसांनी त्याच्या घरी जा. तो चहा देईल, तो प्या.